नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए)

मुंबईत नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर उभे असलेले प्रयोगकलांचे केंद्र. जे. आर. डी. टाटा यांच्या पाठबळाने जमशेद भाभा यांनी १९६९ मध्ये ते स्थापन केले. संकुलात पाच नाट्यगृहे आहेत. त्यांतले टाटा थिएटर (१९८०) सर्वांत लक्षणीय. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, तर ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. सुमारे हजार आसनांचे हे प्रेक्षागृह पंख्यासारखे पसरलेले असून, ध्वनिक्षेपकाशिवायही सतारीची मींड मागच्या रांगेपर्यंत पोहोचावी, असा त्यामागचा विचार आहे. भारतीय मैफलीला असे घर क्वचितच मिळाले. जमशेद भाभा थिएटर १९९९ मध्ये खुले झाले; बांधकाम सुरू असताना लागलेल्या आगीनंतर ते पुन्हा उभारावे लागले होते. त्याच्या दालनातील संगमरवरी जिना जुन्या पेटिट हॉलमधून आणलेला आहे. प्रायोगिक नाटके, नृत्य आणि छोटेखानी कार्यक्रम उरलेल्या तीन रंगमंचांवर होतात. २००६ मध्ये येथे ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला.

मराठी रसिकाला ही वास्तू परकी नाही. पु. ल. देशपांडे या संस्थेचे मानद संचालक होते, संगीतज्ञ अशोक रानडे यांनीही येथे काम केले आणि ‘प्रतिबिंब’ हा मराठी नाट्योत्सव येथेच भरतो.