जीएची गोष्ट: जिवंत पेशीतलं संप्रेरक कसं दिसलं?

आजच्या भागात आपण जातोय जुन्नर तालुक्यात, द्राक्षबागेत. पण गोष्ट सुरू होते तैवानच्या भातखाचरात आणि पोचते केंब्रिजच्या मायक्रोस्कोपखाली.

ऑक्टोबर छाटणी झाली, घड पोपटी रंगाचे दिसायला लागले, की नारायणगावच्या पट्ट्यात एक शब्द सारखा कानावर येतो: जीए. म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड. पांढरी पावडर, पाण्यात सहज विरघळत नाही म्हणून आधी अल्कोहोलमध्ये विरघळवायची आणि मग पाण्यात टाकायची. पोपटी अवस्थेत साधारण १० पीपीएम. म्हणजे किती? १०० लिटर पाण्यात फक्त एक ग्रॅम! पुढे मणी सेट झाले की फुगवणीसाठी घड द्रावणात बुडवायचे, म्हणजे डिपिंग. कमी पडलं तर घड गच्च राहतो, मणी बारीक. जास्त झालं तर देठ जाड आणि कडक होतो, मणी गळतात. वर्षभराचा खर्च या एका ग्रॅमच्या हिशोबावर येऊन थांबतो.

पण हे लागतंच कशाला? कारण साधं आहे. द्राक्षात बी असेल तर तीच हे संप्रेरक बनवते आणि मणी फुगतो. आपल्याला खायला हवी बिनबियांची द्राक्षं. बी गेली, तिच्याबरोबर तिचा कारखानाही गेला. मग तो माल बाहेरून द्यावा लागतो.

आता मागे जाऊया. जपानी शेतकऱ्यांना भाताचा एक रोग माहीत होता. रोपं एकदम उंच, फिकट, आणि शेवटी आडवी. नाव होतं ‘बाकानाए’, म्हणजे वेडं रोप. १९२६ मध्ये तैवानमध्ये काम करणाऱ्या एइइची कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशी नसली, नुसता तिचा गाळलेला अर्क दिला, तरी रोप तसंच वाढतं. म्हणजे बुरशी काहीतरी रसायन सोडते. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्याला नाव दिलं जिबरेलिन. जगाला याचा खरा पत्ता लागला दुसऱ्या महायुद्धानंतर. आणि १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये ते घेवड्याच्या जातीतल्या कोवळ्या बियांमध्ये सापडलं. म्हणजे हे नुसतं बुरशीचं विष नव्हतं, झाडाचं स्वतःचं संप्रेरक होतं! त्याच सुमारास कॅलिफोर्नियात थॉमसन सीडलेस द्राक्षांवर त्याचे प्रयोग सुरू झाले. आज आपल्या बागेत होतं ते डिपिंग त्याच रांगेतलं.

मग अडचण कुठे होती? मोजण्यात. कुठल्या पेशीत किती जिबरेलिन आहे हे बघायचं तर झाडाचा तुकडा कापा, गोठवा, कुटा, अर्क काढा आणि मशीनला द्या. आकडा मिळतो, पण हजारो पेशींची सरासरी म्हणून, आणि त्या पेशी मेल्यावर. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: प्रोग्रॅम बंद पाडून मेमरी वाचण्यासारखं हे. आपल्याला हवा असतो चालू प्रोग्रॅमचा लाइव्ह लॉग.

तो लॉग मिळाला एका जेलीफिशमुळे. १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा यांना तिच्यात हिरवं चमकणारं प्रोटीन मिळालं. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक वेगळं केलं, आणि १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते दुसऱ्या जिवात चमकवून दाखवलं. रॉजर त्सिएन यांनी त्याचे वेगवेगळे रंग बनवले, आणि १९९७ मध्ये त्यांच्या गटाने दोन रंगांची प्रोटीनं जोडून जिवंत पेशीतलं कॅल्शियम मोजलं. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं नोबेल मिळालं. प्रॅशर यांना नाही. निधी आटल्यावर ते संशोधनातून बाहेर पडले होते आणि नोबेल जाहीर झालं तेव्हा एका कार डीलरकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते.

दुसरा धागा जपानचाच. २००५ मध्ये नागोयाच्या गटाने भातात जिबरेलिनला पकडणारं प्रोटीन शोधलं, त्याचं नाव जीआयडी१. मग केंब्रिजच्या सेन्सबरी लॅबोरेटरीत अलेक्झांडर जोन्स यांच्या गटाने दोन्ही धागे जोडले. एक आकाशी प्रोटीन, एक पिवळं, आणि मध्ये जिबरेलिन पकडणारा भाग. जिबरेलिन चिकटलं की सेन्सर दुमडतो, दोन्ही रंग जवळ येतात, आकाशी प्रोटीनची ऊर्जा पिवळ्याकडे जाते. बघायचं काय? पिवळं भागिले आकाशी. गुणोत्तर असल्यामुळे एखाद्या पेशीत सेन्सर कमी-जास्त बनला तरी हिशोब फारसा बिघडत नाही. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सेन्सरचं नाव बघा: जीपीएस१!

त्यात दिसलं की मुळाच्या टोकाशी, जिथे पेशी विभागतात, तिथे जिबरेलिन कमी. थोडं वर, जिथे पेशी झपाट्याने लांब होतात, तिथे जास्त. आणि गंमत म्हणजे बाहेरून दिलेलं जिबरेलिनही सगळीकडे सारखं साठलं नाही, लांब होणाऱ्या पेशींतच जास्त दिसलं.

इथे बागायतदाराने कान टवकारावेत. आपण घड बुडवतो तेव्हा आत सगळीकडे सारखंच पोचलं असं धरून चालतो. मुळात तसं होत नाही, मग घडात काय होत असेल? मात्र हा प्रयोग अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर झाला. सेन्सर काम करायला त्याचं जनुक झाडात घालावं लागतं. त्यामुळे उद्या कोणी ‘सेन्सर तंत्रज्ञानाचं जीए’ म्हणून महाग बाटली घेऊन बांधावर आलं, तर त्याला हा इतिहास ऐकवा. असं काही बाटलीतून येत नाही.

पण प्रश्न आपल्याच मातीतला आहे. जुन्नरमध्येच खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तबकड्या आकाशातले अतिशय क्षीण सिग्नल ऐकतात. क्षीण सिग्नल ऐकण्याची विद्या या तालुक्याला नवी नाही. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, पुण्यात आघारकर संस्था आहे. तुमच्यापैकी कोणी बायोटेक किंवा अ‍ॅग्रीला असेल तर प्रोजेक्टचा विषय समोरच आहे: मण्यात गेलेला तो एक ग्रॅम नेमका कुठे थांबतो?

तोवर, घरच्या बागेत डोस कोण ठरवतं आणि कशावरून, हे विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!