वही बदलली, शिल्लक तीच



अमावास्येला निर्वाणलाडू चढवायचा आणि पाडव्यापासून वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष. त्या दिवशी सासूबाई नवी लाल वही उघडून जुनी शिल्लक पहिल्या पानावर उतरवत.

प्रताप नगरच्या घरी संगणक आला आणि वहीची जागा मायक्रोसॉफ्ट मनीने घेतली. हा प्रोग्राम १९९१ चा. अमेरिकेत इन्ट्यूट कंपनीचे क्विकन त्याच्याही आधीचे. आपल्याकडे बंगळुरूचे टॅली होते, पण ते दुकानाचे, घराला जड.

२००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने मनीची विक्री थांबवली. मी ग्नूकॅश घेतले. १९९८ पासूनचे, फुकट, आणि प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी मागणारे. बी.कॉम.चे जमा-नावे कामी आले.

जुन्या नोंदी क्यूआयएफ फाइलमधून नेल्या. ही पद्धत मूळ क्विकनची. बचत खात्यातून मुदत ठेवीत टाकलेल्या रकमा माझ्या चुकीने दोनदा चढल्या. पासबुक घेऊन एकेक ओळ जुळवली.

हे गेल्यावर एक जुनी ठेव सापडली ती त्याच नोंदींत. पावती कुणालाच आठवत नव्हती.

म्हणून सांगते, प्रोग्राम कोणताही घ्या. त्यातून नोंदी बाहेर काढता येतात का, ते आधी बघा. बदलताना प्रत्येक खात्याची अखेरची शिल्लक कागदावर लिहा आणि नव्यात तीच येते का, ते ताडून पाहा. परिग्रह-परिमाण व्रत घ्यायचे, तर आपल्याकडे किती आहे हे आधी ठाऊक हवे ना?