वीस वर्षांचा शब्द आणि नऊ महिन्यांची नेमणूक

आजचा विषय फलकावर ‘इतिहासाचा प्राध्यापक: नेमणूक आणि मुदत’ असा लिहिलाय. हा विषय प्रशासनाचा आहे, इतिहासाचा कुठे, असं संयोजकांपैकी एकानं मला विचारलंसुद्धा. माझ्या मते तो इतिहासाचाच आहे. म्हणून सुरुवात पुण्यापासून करतो.

१८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. ही संस्था चालवायला माणसं कशी मिळवली? तर ‘आजीव सदस्य’ ही पद्धत काढून. नाव आजीव, पण मुदत ठरलेली: वीस वर्षं. महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं, असा शब्द द्यायचा. सरकारी नोकरीत याच माणसांना कितीतरी जास्त मिळालं असतं.

गोपाळ कृष्ण गोखले त्यांतलेच. शाळेत शिकवलं, कॉलेजात इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं. अंकगणिताचं त्यांचं पुस्तक तर घरोघर पोचलं. पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र त्यांच्याकडे आलं. थोडक्यात, जो तास रिकामा तो गोखल्यांचा! आजच्या निवड समितीपुढे ते उभे राहिले असते तर ‘आपली विषयातली पदव्युत्तर पदवी?’ या पहिल्याच प्रश्नाला अडकले असते. पण १९०२ साली छत्तिसाव्या वर्षी ते कॉलेजातून निवृत्त झाले आणि कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले, तेव्हा आकडे आणि इतिहास त्यांच्या जिभेवर होते. वर्गात इतकी वर्षं तेच मांडत आल्याचा तो परिणाम होता, असं मला वाटतं.

आता इथे एक गोष्ट नीट पाहा. मुदत तेव्हाही होती. पण ती कुणावर होती? शिक्षकानं संस्थेला शब्द दिला होता, ‘वीस वर्षं मी जाणार नाही.’ आणि त्या बदल्यात संस्था त्याच्या हातात होती. कारभार आजीव सदस्यच बघत. म्हणून तर त्यांच्यात कडाक्याची भांडणं झाली. बाहेरची कामं आणि बाहेरची मिळकत चालेल का, यावर वाद पेटला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं ते टिळकांना पटलं नाही, आणि १८९० च्या अखेरीस टिळकच बाहेर पडले. भांडण वाईट होतं, पण ते मालकांचं होतं, मजुरांचं नव्हतं.

आज मुदत उलटी फिरली आहे. आज संस्था सांगते, ‘नऊ महिन्यांपलीकडचा शब्द आम्ही देणार नाही.’ आपल्याकडे याला ‘तासिका तत्त्व’ म्हणतात. जितके तास, तितके पैसे. दिवाळीत तास नाहीत, परीक्षेच्या काळात नाहीत, मे महिन्यात तर प्रश्नच नाही. जुलैत पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच फाईल.

अशा एका मुलाखतीला मी विषयतज्ज्ञ म्हणून बसलो होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. उमेदवार सहा वर्षं तिथेच शिकवत होता आणि सातव्यांदा समोर आला होता. मोडी उत्तम वाचायचा. मी सवयीनं विचारलं, ‘संशोधन कुठवर आलं?’ तो शांतपणे म्हणाला, ‘सर, पेशवे दफ्तर सोमवार ते शुक्रवार उघडं असतं. त्या दिवसांत मी दोन कॉलेजांत तास घेतो. सुट्टीत वेळ असतो, पण तेव्हा पुण्यात राहायला पैसे नसतात. मग कधी जाऊ?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही त्याला गुण दिले, आणि तो परत नऊ महिन्यांसाठी लागला.

इतिहास हा सावकाश पिकणारा विषय आहे. लिपी शिकायला वर्ष जातं, दफ्तराची ओळख व्हायला दोन-तीन वर्षं जातात. दर जुलैला ज्याचं भवितव्य नव्यानं ठरतं, तो पाच वर्षांचं काम हाती कसं घेणार? आणि मुलांचं काय? पहिल्या वर्षाला ज्यानं शिकवलं, तो तिसऱ्या वर्षाला शिफारसपत्र द्यायला तिथे असेलच असं नाही.

कुणी म्हणेल, ‘पूर्वीच्या लोकांनी त्याग केला, आताच्यांना काय झालं?’ हा प्रश्न मला मान्य नाही. आजीव सदस्यांची सुरुवातीची यादी वाचा. सगळे पुरुष, सगळे उच्चवर्णीय. पैसा नसला तरी समाजात पत होती. आज तासिकेवर उभा राहणारा मुलगा किंवा मुलगी अनेकदा घरातली पहिलीच पदवीधर असते. तिच्याकडे त्याग मागायचा नसतो, तिचा पगार द्यायचा असतो.

मुदतीची नेमणूक मुळातच चूक आहे, असं मी म्हणत नाही. कायम प्राध्यापक रजेवर गेला तर वर्ग रिकामा ठेवायचा का? विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियमही हेच सांगतात: कंत्राटी नेमणूक अगदी गरजेपुरतीच, एकूण पदांच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि पूर्णवेळ कंत्राटी शिक्षकाला नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी पगार नाही. नियम चांगले आहेत. फक्त आपण तात्पुरत्या गरजेची फट शोधली आणि तिचा दरवाजा केला.

तेव्हा समितीत बसणाऱ्यांना माझी विनंती एवढीच. नेमणूक मुदतीची असेल तर पूर्ण वर्षाची करा, सुट्ट्यांसकट. आठवड्याचे तास असे लावा की एक दिवस त्याला दफ्तरात जाता येईल. पुढच्या वर्षी घेणार की नाही, हे मार्चमध्ये सांगा, जुलैत नको. आणि सातव्यांदा तोच माणूस समोर आला, तर ती गरज तात्पुरती नाही, ते पद कायम आहे, हे इतिवृत्तात लिहा. आपण इतिहासवाले आहोत. निदान कागदावर खरं लिहून ठेवणं तरी आपल्याला जमलं पाहिजे.

आता प्रश्न असतील तर घेऊ.