मुअल्लका : ना नांदती, ना सुटलेली

लग्नाला वीस-पंचवीस वर्षे झाली, मुले मोठी झाली आणि मग नवऱ्याला बायकोविषयी किंवा बायकोला नवऱ्याविषयी शारीरिक ओढ उरली नाही, असे अनेक घरांत घडते. त्यावर बोलायला मात्र आपल्याकडे जागा नाही. जुम्याच्या खुतब्यात हा विषय येत नाही. दोन्हीकडच्या मोठ्यांच्या बैठकीत तो 'पटत नाही' या दोन शब्दांत गुंडाळला जातो. बाकीचे सगळे मनात राहते आणि संसाराला आतून पोखरत जाते.

मदिनेतल्या पहिल्या मुस्लिम समाजात हीच गोष्ट इतकी झाकलेली नव्हती. तिथे लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन ती बोलून दाखवत आणि तिच्यावर तोडगे निघत. त्या तोडग्यांच्या नोंदी आपल्या सर्वात मान्य ग्रंथांत आहेत. आपण त्या वाचतो, पण त्यांचा आपल्या घराशी संबंध लावत नाही.

सुरुवात इस्लामपूर्व अरबांच्या एका रिवाजापासून करू. नवऱ्याला बायको नकोशी झाली की तो शपथ घ्यायचा, 'मी हिच्या जवळ जाणार नाही.' याला 'ईला' म्हणत. मुदत कितीही लांबायची. बायको घरात असायची, पण बायको म्हणून नसायची, आणि दुसरे लग्न करायला मोकळीही नसायची. कुरआनने (सूरा अल-बकरा, आयत 226-227) या शपथेला चार महिन्यांची मर्यादा घातली. तेवढ्यात परत ये, नाहीतर सोड. हनफी फिकहनुसार चार महिने उलटले की तलाक आपोआप पडतो; मालिकी आणि शाफई मतानुसार काझी नवऱ्याला दोनपैकी एक निवडायला लावतो. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच जाणीव आहे : बायकोलाही शरीर आहे, आणि तिला बेमुदत ताटकळत ठेवणे हा जुलूम आहे.

सूरा अन-निसामध्ये या अवस्थेला एक शब्द आहे, 'मुअल्लका', म्हणजे लटकलेली. 129 व्या आयतीत एकापेक्षा जास्त बायका असलेल्या पुरुषांना सांगितले आहे की, कितीही मनात आणले तरी त्यांच्यात पुरता समतोल तुम्हाला साधणार नाही. पण एकीकडे इतके झुकू नका की दुसरी अधांतरी लटकत राहील. मुफस्सिरांनी याचा अर्थ असा लावला की जो समतोल माणसाच्या हातात नाही तो मनाचा आणि ओढीचा. वेळ, खर्च, घर आणि वागणूक यांतला न्याय मात्र त्याच्या हातात आहे, आणि त्याचाच हिशेब होणार आहे. मला ही विभागणी फार महत्त्वाची वाटते. ओढ ओसरली हा गुन्हा ठरवलेला नाही. ओढ ओसरल्यावर माणूस काय करतो, हे तपासले आहे.

त्याआधीची 128 वी आयत नवऱ्याच्या 'नुशूज'बद्दल, म्हणजे त्याच्या दुरावण्याबद्दल आहे. बायकोच्या नुशूजबद्दलची 34 वी आयत आपल्याकडे पाठ असते, वाझमध्ये ती हमखास येते. नवऱ्याचीही याच शब्दात झाडाझडती आहे, हे कितीजणांना माहीत आहे? बुखारींच्या संग्रहात हजरत आयेशा (र.) यांनी या आयतीचा अर्थ सांगितला आहे. नवऱ्याला बायकोत रस राहिलेला नसतो, तो तिला सोडू पाहतो. तेव्हा ती काही हक्क सोडून देण्याची तयारी दाखवते आणि निकाह टिकवते. अशा समझोत्यात दोष नाही.

या आयतीच्या संदर्भात हजरत सौदा (र.) यांचे नाव येते. हजरत खदीजा (र.) यांच्या निधनानंतर प्रेषितांनी त्यांच्याशी निकाह केला. त्या विधवा होत्या, हबशाला हिजरत करून आलेल्या होत्या. पुढे वय झाले, शरीर जड झाले. आपल्याला सोडले जाईल अशी भीती त्यांना वाटली, असे तिर्मिजींच्या संग्रहात येते. तेव्हा त्यांनी आपणहून आपली पाळी हजरत आयेशा (र.) यांना दिली आणि निकाह कायम राहिला.

ही कथा आपल्याकडे बायकांना गप्प बसवण्यासाठी वापरली जाते : 'सौदांनी सोसले, तूही सोस.' पण कथा नीट वाचावी. प्रस्ताव त्यांचा स्वतःचा होता, कोणी लादलेला नव्हता. त्यांचे घर, खर्च, मान यांत काही कमी झाले नाही. इसवी सन 632 च्या अखेरच्या हजमध्ये त्या बरोबर होत्या, आणि शरीर जड असल्यामुळे मुजदलिफाहून गर्दीच्या आधी निघण्याची परवानगी त्यांनी मागितली, ती त्यांना मिळाली. फुकहांनी पुढे हेही लिहिले आहे की पाळी सोडणारी बायको आपला शब्द पुढच्या काळासाठी मागे घेऊ शकते. म्हणजे हा समझोता जन्मठेप नाही.

दुसरी नोंद इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त आहे, आणि ती जास्त आपल्यासारख्या माणसांची आहे. राफेअ बिन खदीज यांची बायको मुहम्मद बिन मसलमा यांची मुलगी होती. ती वयस्क झाल्यावर राफेअ यांनी तरुण बायको केली आणि तिच्याकडे झुकले. पहिलीने तलाक मागितला. त्यांनी एक तलाक दिला आणि इद्दत संपत आल्यावर तिला परत घेतले. पुन्हा तेच झाले. तिने पुन्हा मागितला, त्यांनी दुसरा दिला, पुन्हा परत घेतले. तिसऱ्यांदा तिने मागितला तेव्हा राफेअ यांनी स्पष्ट सांगितले की आता एकच उरला आहे. हा झुकाव दिसतो तसा मान्य करून राहायचे तर राहा, वेगळे व्हायचे तर तसे सांग. ती राहिली.

या सौद्यात दोघे बरोबरीचे नव्हते, हे उघड आहे. नवऱ्याकडे दुसरी बायको होती. तिच्याकडे वय होते आणि दोनच वाटा होत्या. तिला काय वाटले असेल ते ग्रंथ सांगत नाही. पण राफेअ यांनी तिला खोटे सांगितले नाही आणि निर्णय तिच्या तोंडून घेतला. आजच्या कितीतरी घरांत एवढेही होत नाही.

ओढ फक्त पुरुषाचीच संपते असेही या नोंदी मानत नाहीत. साबित बिन कैस हे अन्सारांचे नामवंत वक्ते, पुढे यमामाच्या लढाईत शहीद झाले. त्यांची बायको प्रेषितांकडे आली. नवऱ्याच्या दीनात किंवा स्वभावात आपल्याला खोट काढायची नाही, पण त्याच्याबरोबर राहणे सहन होत नाही, असे तिने सांगितले. इब्ने माजा यांच्या संग्रहातील कथनात त्यांच्या रूपाचाही उल्लेख येतो. तिला कोणी नावे ठेवली नाहीत. मेहेरमध्ये मिळालेली बाग परत करशील का, एवढे विचारले गेले. ती हो म्हणाली, आणि साबित यांना बाग घेऊन तलाक देण्यास सांगितले गेले. खुलाची वाट इथून निघते.

ही वाट पुढे अरुंद होत गेली. प्रेषितांचे सांगणे सल्ला मानायचे की हुकूम, यावर फुकहांनी काथ्याकूट केला आणि बहुतेकांनी खुलासाठीही नवऱ्याची संमती आवश्यक ठरवली. हिंदुस्थानात हनफी फिकह चालत होता. त्यात नवऱ्याने टाकलेल्या बाईला सुटकेचा मार्ग जवळजवळ नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात आणि इतरत्र काही बायका निकाह मोडावा म्हणून इस्लाम सोडू लागल्या, तेव्हा उलेमा खडबडून जागे झाले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मालिकी फिकहचा आधार घेऊन काझीमार्फत निकाह तोडण्याची वाट दाखवली. त्यातूनच 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवऱ्याने रास्त कारणाशिवाय तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये पार पाडली नाहीत, दोन वर्षे पोटगी दिली नाही, किंवा अनेक बायकांत कुरआनच्या आदेशाप्रमाणे समान वागणूक दिली नाही, तर बायकोला कोर्टातून सुटका मिळते. म्हणजे 'मुअल्लका' हा शब्द तेराशे वर्षांनी भारतीय कायद्याच्या कलमात उतरला.

कायदा आला, तरी लटकवणे संपले नाही. इंदूरच्या शाहबानो यांचा निकाह 1932 चा. 1975 मध्ये त्यांना घराबाहेर काढले गेले, 1978 मध्ये त्या पोटगीसाठी कोर्टात गेल्या आणि त्याच वर्षी तलाक दिला गेला. तेव्हा त्या 62 वर्षांच्या होत्या. दंडाधिकाऱ्यांनी महिन्याला 25 रुपये ठरवले, हायकोर्टाने 179 रुपये 20 पैसे. 1985 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतरचे राजकारण सर्वांना ठाऊक आहे. त्या घरात काय बिनसले होते ते त्यांचे त्यांना माहीत. पण चार दशकांहून जास्त संसार केलेल्या बाईचे पुढे काय, हा साधा प्रश्न त्या गदारोळात सर्वात मागे ढकलला गेला. आपल्या महाराष्ट्रात हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तो याच प्रश्नांसाठी. दलवाईंशी मतभेद असू शकतात. त्या सात जणींचे दुखणे खरे होते.

मग ज्या घरात ओढ ओसरली आहे, त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, ते शरीराचे दुखणे आहे का ते डॉक्टरांना विचारावे. मधुमेह, पाळी जाणे, रक्तदाबाची काही औषधे, मनाची उदासी, यांनीही इच्छा मावळते, आणि दोष मात्र जोडीदाराच्या चेहऱ्याला दिला जातो. दुसरी गोष्ट, इब्ने अब्बास (र.) यांचे म्हणणे लक्षात ठेवावे : बायकोने आपल्यासाठी नटावे असे वाटते, तसे आपणही तिच्यासाठी नीटनेटके राहावे. बनियनवर घरभर फिरणाऱ्यांनी बायकोच्या पोटाचा घेर मोजू नये.

तिसरी गोष्ट सर्वात अवघड. बोलावे. एकमेकांशी, चार नातेवाइकांशी नव्हे. टोमणे न मारता. आपण जोडीदाराकडून नेमके काय सोडायची अपेक्षा करतो आहोत, ते त्याला किंवा तिला विचारले आहे का, की परस्पर गृहीत धरले आहे? त्या बदल्यात आपण काय कायम ठेवणार आहोत? सोबत, औषधपाणी, घरातला मान, शेवटपर्यंतची साथ, यांवर अनेक संसार समाधानाने चालतात, दोघांनी ते कबूल केले असेल तर. आणि एकाला ते कबूल नसेल, तर त्याला किंवा तिला मानाने, मेहेरसकट, मोकळे करणे हाही दीनचाच भाग आहे. वर्षानुवर्षे एका छताखाली राहून एकाने दुसऱ्याला अधांतरी ठेवणे, याला मात्र आपल्या दीनमध्ये कुठेच जागा नाही.