दुसऱ्या खोलीपर्यंतची तार

एका अँटेनाने पकडलेला दूरचित्रवाणीचा संकेत तारेने दुसऱ्या खोलीत नेण्याची गरज जवळजवळ दूरचित्रवाणीइतकीच जुनी आहे, आणि पुढे ज्याला नुसते ‘केबल’ म्हटले जाऊ लागले तो सारा व्यवसाय हीच तार थोडीथोडी लांबवत उभा राहिला. दुसरी खोली, शेजारचे बिऱ्हाड, समोरची इमारत, पलीकडची गल्ली असा तिचा प्रवास होत असताना तिच्यामागचे शास्त्र बहुतांशी तेच राहिले. मात्र घर कोठे संपते आणि सार्वजनिक प्रक्षेपण कोठे सुरू होते, या प्रश्नाचे उत्तर देताना निरनिराळ्या देशांतील न्यायालयांची आणि सरकारांची दमछाक झाली.

साधी तार या कामी उपयोगी पडत नाही, कारण दूरचित्रवाणीच्या उच्च वारंवारतेचा, म्हणजे सेकंदाला कोट्यवधी आवर्तने होणारा, विद्युतप्रवाह उघड्या तारेतून वाटेतच प्रारणाच्या रूपाने निसटतो आणि बाहेरचा गोंधळ आत शिरतो. मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती विद्युतरोधक थर आणि त्यावर धातूच्या जाळीचे वेष्टन अशी समाक्ष तार, म्हणजे कोअ‍ॅक्सिअल केबल, हा त्यावरचा उपाय होय. ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1880 मध्ये इंग्लंडमध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले होते. पण एकाच तारेतून फार मोठा वारंवारतापट्टा नेणारी आधुनिक केबल अमेरिकेतील बेल कंपनीच्या लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अ‍ॅफेल यांच्या नावावर जमा आहे, ज्यांनी 1929 मध्ये अर्ज करून 1931 मध्ये पेटंट मिळवले.

ही तार घरगुती कामाला कशी जुंपली गेली याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील अ‍ॅस्टोरिया या गावात सापडते. 1948 च्या नोव्हेंबरात सिअ‍ॅटल येथे केंद्र सुरू झाले, तेव्हा सुमारे दोनशे किलोमीटरवरील या गावात त्याचा संकेत जेमतेम पोहोचत होता. तेथील रेडिओ केंद्र चालवणारे एड पार्सन्स यांनी पत्नीच्या आग्रहाखातर एका हॉटेलच्या गच्चीवर अँटेना उभारला आणि तेथून समाक्ष तार रस्त्यापलीकडच्या आपल्या बिऱ्हाडात आणली. चित्र दिसू लागताच दिवाणखान्यात बघ्यांची अशी रीघ लागली, की ती हटवण्यासाठी त्यांना एक फाटा हॉटेलच्या दर्शनी दालनात सोडावा लागला. तेथेही गर्दी मावेना म्हणून एका वाद्यांच्या दुकानात, आणि मग पैसे मोजणाऱ्या शेजाऱ्यांच्या घरांत. केबलचा जगातला पहिला जनक कोण, यावर पेनसिल्व्हेनियाचे जॉन वॉल्सन यांचे नाव घेऊन वाद घातला जातो. तो वाद येथे महत्त्वाचा नाही. धंदा करण्याच्या इराद्याने नव्हे, तर घरातली गर्दी कमी करण्यासाठी फाटे फुटत गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

फाटा फोडणे मात्र दिसते तितके सोपे नसते. दूरचित्रवाणीच्या समाक्ष तारेचा संरोध, म्हणजे तीतून जाणाऱ्या लहरीला तार ज्या प्रमाणात विरोध करते ते मान, 75 ओहम असते. दोन फाटे नुसते पिळून जोडले, तर सांध्यापाशी लहरीला दोहोंचा मिळून 37.5 ओहम इतकाच संरोध भेटतो आणि तिचा काही भाग उलटा फिरतो. उलट गेलेली लहर दुसऱ्या टोकावर आपटून पुन्हा संचापर्यंत येते, ती मूळ लहरीनंतर. समाक्ष तारेत संकेत एका मायक्रोसेकंदात सुमारे दोनशे मीटर जातो, म्हणून शंभर मीटर तारेतली जा-ये पन्नास सेंटिमीटर रुंद पडद्यावर मूळ आकृतीच्या उजवीकडे सुमारे एक सेंटिमीटरवर फिकट दुसरी आकृती उमटवते. वीस मीटर तारेत हेच अंतर दोनेक मिलिमीटर भरते आणि चित्राच्या कडा नुसत्याच धूसर दिसतात. स्प्लिटर नावाच्या छोट्या डबीतील फेराइटचा गाभा आणि त्यावरचे वेढे हा संरोध जुळवून घेतात, पण संकेताची शक्ती दोन्ही फाट्यांत निम्मीनिम्मी वाटली जाते. म्हणूनच दूरच्या घरांत पडद्यावर मुंग्या दिसू लागत आणि बूस्टर लावावा लागे.

मुंबईत दूरदर्शनचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि पुण्यासाठी सिंहगडावर 1973 मध्ये सहक्षेपण केंद्र आले. पहिल्या दशकात घराघरांत आली ती बहुधा 300 ओहमची चपटी वायर, जी पुढे संचाच्या 75 ओहमच्या तोंडाला जोडताना बालन नावाचे छोटे जुळवणीयंत्र लागे. खरी लांबण लागली ती व्हीसीआर आल्यावर. व्हीसीआरमधील मॉड्युलेटर, म्हणजे चित्र व ध्वनी एखाद्या रिकाम्या चॅनेलच्या वारंवारतेवर स्वार करणारा भाग, घरातल्या यंत्राला छोटे केंद्रच बनवत होता. त्याची तार दुसऱ्या खोलीत नेता येत होती तशी शेजारच्या सदनिकेतही, आणि ऐंशीच्या दशकात मुंबईतील इमारतींच्या गच्च्यांवरून या तारा लोंबू लागल्या.

यावर कायद्याने दिलेली दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत अशी आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1968 च्या फोर्टनाइटली खटल्यात, हवेतले प्रक्षेपण पकडून तारेने पोहोचवणारा हा प्रेक्षकाच्या बाजूचाच, त्याला अँटेना पुरवणारा, म्हणून त्याने कलाकृतीचे ‘सादरीकरण’ केलेले नाही, असे ठरवले. 1976 च्या कॉपीराइट कायद्याने ही सवलत काढून घेतली. मुंबई उच्च न्यायालयापुढे गरवारे विरुद्ध टेलिलिंक या प्रकरणात प्रक्षेपणाऐवजी चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या आणि बचाव असा, की प्रेक्षक आपापल्या खासगी घरांत बसलेले आहेत. न्यायालयाने तो अमान्य करून, घरात बसलेले वर्गणीदार हेही जनतेचाच भाग ठरतात आणि त्यांना तारेने चित्रपट दाखवणे म्हणजे तो जनतेपर्यंत पोहोचवणे होय, असा निर्णय दिला. तार तीच असली तरी तिच्या टोकाला वर्गणी उभी राहिली की ती घरगुती राहत नाही, हा विचार अधिक सरळ आणि टिकाऊ वाटतो.

1991 नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गच्चीवर अँटेनाच्या जागी डिश बसली आणि केबलवाला हा गल्लीतला महत्त्वाचा माणूस झाला. राजस्थान उच्च न्यायालयाने 1993 मध्ये या जाळ्यांना जुन्या तार कायद्याच्या कक्षेत ओढले, आणि 1995 च्या केबल कायद्याने नोंदणी सक्तीची करून तिचे काम मुख्य टपाल कार्यालयांकडे सोपवले.

या काळात घरातल्या घरात दुसरा संच जोडणे फुकट होते: एकाच तारेवर सगळ्या वाहिन्या असल्याने दोन खोल्यांतले संच दोन वेगवेगळे कार्यक्रम लावू शकत. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012 ही अ‍ॅनालॉग केबलची अखेरची मुदत ठरली. त्यानंतरचा संकेत कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणारा, असल्याने दर संचाला स्वतंत्र सेट टॉप बॉक्स लागू लागला, आणि एका बॉक्सची तार दुसऱ्या खोलीत नेली तर तेथेही तीच वाहिनी दिसू लागली. अखेर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 1 जानेवारी 2020 च्या आदेशात असे बंधन घातले, की एका घरातील दुसऱ्या व त्यापुढील संचासाठीचे जाळे-क्षमता शुल्क, म्हणजे केबलचे जाळे वापरण्याचे शुल्क, पहिल्या संचाच्या शुल्काच्या 40 टक्क्यांहून अधिक आकारता येणार नाही.