आकाशाची रोजकीर्द

पेशवाईत वसुलाची रक्कम खजिन्यात भरली जाण्यापूर्वी ती पोतदाराच्या हातांखालून जात असे. चांदवडी, अंकुशी असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चलनात असल्यामुळे कोणते नाणे चोख, कोणते झिजलेले, आणि कोणत्यावर किती बट्टा कापावयाचा, याचा निवाडा तो डोळ्यांनी, कानांनी आणि बोटांनी करी. आणि त्याच्या विद्येचे सारे मर्म एवढेच होते, की संशयाचे नाणे खात्रीच्या नाण्याशेजारी ठेवून पाहावे. हा हुद्दा इंग्रजी अमलातही बंगालमध्ये ‘पोद्दार’ या नावाने टिकून राहिला, आणि जेसोरच्या कलेक्टर कचेरीच्या खजिन्यात तो सांभाळणाऱ्या राधागोविंद चंद्र नावाच्या एका सामान्य नोकराने दिवसा जी पारख नाण्यांची केली, तीच रात्री ताऱ्यांची केली. तुटपुंज्या मिळकतीच्या मनुष्याने ज्योतिःशास्त्राचा आनंद कसा घ्यावा, या प्रश्नाचे याहून समर्पक उत्तर मला इतिहासात आढळलेले नाही.

ताऱ्यांच्या तेजाची अशी पारख करण्याचा प्रघात त्याच्याही पूर्वीचा आहे. ज्यांचे तेज कालांतराने कमीजास्त होते त्यांस आपण रूपविकारी तारे म्हणतो. ययाती तारकासमूहातील अल्गोल हा तारा तीन दिवसांहून थोड्या कमी अवधीने नियमाने मंदावतो, हे इंग्लंडातील यॉर्क येथे जॉन गुडरिक या बालपणीच श्रवणशक्ती गमावलेल्या तरुणाने १७८३ साली जगासमोर मांडले, तेव्हा त्याच्या वयास एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि आकाशातील ही घडी उकलण्यास त्याला नुसते डोळे पुरले होते. पुढे १८४४ साली जर्मनीतील ज्योतिर्विद आर्गेलांडर याने हौशी निरीक्षकांस या कामी हातभार लावण्याचे जाहीर आवाहन केले. त्याचे कारण उघड होते: वेधशाळेची मोठी दुर्बीण एका रात्रीत मोजक्याच ताऱ्यांकडे वळविता येते, उलट रूपविकारी तारे शेकडो, आणि तिमिंगलातील मायरासारख्यांचा तर एकेक फेराच सुमारे अकरा महिन्यांचा. एवढ्यांवर वर्षानुवर्षे पहारा ठेवावयाचा तर पगारी ज्योतिर्विद पुरे कसे पडावेत? १९११ साली अमेरिकेत विल्यम टायलर ऑल्कट या वकिलाच्या पुढाकाराने हौशी निरीक्षकांचा जो संघ स्थापन झाला, तो याच गरजेतून.

राधागोविंदांचा जन्म १८७८ साली जेसोरजवळच्या बागचर गावी झाला. आजीने अंगणात ओळखून दिलेले तारे आणि शाळेच्या क्रमिक पुस्तकातील अक्षयकुमार दत्त यांचा विश्वाच्या विराटपणावरील एक पाठ, एवढ्या शिदोरीवर त्यांचे कुतूहल वाढले. प्रवेश परीक्षेत मात्र तीनदा अपयश आले, आणि विद्यापीठाचे दार कायमचे बंद झाले. गावातील वकील कालीनाथ मुखर्जी हे ताऱ्यांचे नकाशे तयार करीत, त्यांच्या सहवासात आकाश पाठ झाले. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा एका लहानशा द्विनेत्रीतून त्यांनी त्याचा मागोवा घेतला आणि आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ती वाचून शांतिनिकेतनातील विज्ञानशिक्षक जगदानंद राय यांनी त्यांस दुर्बीण घेण्याचा सल्ला दिला. त्याप्रमाणे १९१२ साली इंग्लंडहून अवघी ३ इंची दुर्बीण बागचरला आली.

योगायोग असा, की त्याच १९१२ साली आपल्या पुण्यात नेमके याच्या उलट घडत होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा, तिच्यातील २० इंची परावर्तक दुर्बिणीसह, कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या एकट्याच्या निष्ठेवर चालत होती. ते निवृत्त झाले आणि वेधशाळा मोडून तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. राजाश्रयाने मिळविलेले वैभव एका माणसाच्या निवृत्तीबरोबर पुण्यातून उठून गेले, आणि जेसोरच्या खेड्यात ३ इंचांच्या काचेवर जे काम सुरू झाले ते चाळीस वर्षे चालले.

१९१८ सालच्या जून महिन्यात गरुड तारकासमूहात एकाएकी एक नवतारा प्रज्वलित झाला. जगात अनेकांनी तो स्वतंत्रपणे पाहिला, आणि त्यांत बागचरचा हा खजिन्यातील नोकरही होता. ज्याला आकाशातील प्रत्येक स्थानाचा रहिवासी ठाऊक, त्याच्या नजरेतून उपरा पाहुणा सुटत नाही. त्यांनी आपली टिपणे अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेकडे पाठविली, तेथून उत्तेजन मिळाले, आणि ते निरीक्षक संघाचे सभासद झाले. जेव्हा अमेरिकेत दिवस असे तेव्हा बंगालात रात्र असे, आणि तिकडच्या निरीक्षकांस ज्या वेळी तारा दिसणेच अशक्य, त्या वेळची नोंद येथून जाई. त्यामुळे पूर्वेकडील एका विश्वासू निरीक्षकाचे मोल पश्चिमेकडील दहांहून अधिक होते.

या कामाची रीत समजून घेतली म्हणजे पोतदारीशी असलेले तिचे नाते ध्यानात येते. रूपविकारी ताऱ्याच्या आसपास ज्यांचे तेज स्थिर व पूर्वी मोजलेले आहे असे तारे नकाशात दाखविलेले असतात. त्यांतील एक आपल्या ताऱ्याहून किंचित तेजस्वी आणि एक किंचित मंद असा निवडून, दोहोंच्या मधल्या अंतरात आपला तारा कोठे बसतो ते ठरवावयाचे. समजा तेजाच्या मोजणीत त्यांतील तेजस्वी तारा सहाव्या प्रतीचा आहे, मंद तारा सातव्या प्रतीचा, आणि आपला तारा पहिल्याच्या अंमळ अधिक जवळ आहे; तर ६.४ अशी नोंद करावयाची. सरावलेला डोळा प्रतीच्या एकदशांशापर्यंत अंदाज बांधू शकतो. खात्रीच्या नाण्याशेजारी संशयाचे नाणे ठेवावयाचे, ते हेच. मग वेळ, ताऱ्याचे नाव व अंदाज वहीत मांडावयाचे, आणि गेल्या महिन्यात काय लिहिले होते ते आठवून मन आजच्या आकड्यास ओढू लागले तरी त्याचे ऐकावयाचे नाही. ही वही म्हणजे आकाशाची रोजकीर्दच. तीत मागील तारखेची भर घालता येत नाही, आणि न पाहिलेली रात्र कोरीच ठेवावी लागते.

अशा ३७,००० हून अधिक नोंदी राधागोविंदांनी संघाकडे पाठविल्या. त्यांची निष्ठा पाहून संघाने १९२६ च्या सुमारास संघातील चार्ल्स एल्मर यांची ६ इंची दुर्बीण सातासमुद्रापलीकडून त्यांच्याकडे वापरावयास धाडली. फ्रान्सच्या सरकारनेही त्यांचा सन्मान केला. फाळणीनंतर घर सुटले, बारासातला नवा संसार मांडावा लागला, तरीही निरीक्षणे पुढे चालली.

पुण्यातही वैभव हरपल्यानंतर आकाशाची ओढ हरपली नाही. १९४४ साली तेथे हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली, आणि ज्या शहरातून राजाश्रयाची दुर्बीण गेली तेथे सामान्य नागरिकांच्या वर्गणीवर व उत्साहावर आकाशदर्शनाचा प्रघात पुन्हा रुजला. ज्याच्या गाठीला पैका थोडा आहे त्याने निराश होऊ नये, असे मी मनापासून सांगतो. पैशाने काचेचा व्यास वाढतो, आणि वाढलेल्या व्यासाने अधिक मंद तारे दिसतात, हे खरे; परंतु एखाद्या ताऱ्याशी वर्षानुवर्षांचा परिचय जडून तो आज उजळला की मंदावला हे पहिल्या दृष्टिक्षेपातच ओळखण्याचा जो आनंद आहे, तो एका साध्या द्विनेत्रीच्या, एका वहीच्या आणि नियमित जागरणाच्या किमतीस मिळतो.

राधागोविंद १९७५ साली, नव्वदी उलटून कित्येक वर्षांनी, निवर्तले. त्यांच्याकडील ६ इंची दुर्बीण त्यांनी त्यापूर्वीच संघाच्या सांगण्यावरून ज्योतिर्विद वेणू बाप्पू यांच्या हवाली केली होती, आणि पुढे ती तामिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. उसनवार आलेली वस्तू काम पुरे करून, चोख हिशेबासह, पुढच्या धन्याच्या स्वाधीन करणे, हे खजिन्यातील माणसास शोभण्यासारखेच झाले.