गळ्यातलं, गहाणातलं

आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका साल सांगत नसत. "माह्ये गोठ मोडले त्या साली," "पाटल्या केल्या त्याच्या दुसऱ्या दिवाळीले," अशी त्यांची कालगणना. गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, ओलिताची आशा नाही. सगळी भिस्त कापसावर. कापूस साधला की सराफाकडं जायचं आणि बुडाला की पुन्हा त्याच सराफाकडं. वऱ्हाडाचा इतिहास मला आधी या दागिन्यांतून कळला, पुस्तकं फार नंतर आली.

आजी नऊवारी नेसायची, पण सिनेमातल्यासारखं पायघोळ नव्हे. वावरात जायचं तर काठ पोटरीपर्यंत वर, कासोटा घट्ट, पदर डोक्यावरून. रोजचं लुगडं गिरणीचं. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. त्यानंतर आमच्याकडचा कापूस लुगडं होऊन आमच्याकडंच परत यायला लागला. लग्नातलं लुगडं मात्र कोष्ट्याच्या मागावरचं, नागपूर-उमरेडकडचं, रेशीमकाठी. कापड विरून जाई तरी काठ टिके; मग तो उसवून दुसऱ्या लुगड्याला लावत. गळ्यात काळ्या पोतीची गरसोळी आणि एकदाणी, सणाला पुतळ्यांची माळ. हातात हिरव्या काकणांसोबत पाटल्या आणि गोठ, दंडात येळा, कानाच्या वरच्या पाळीला बुगडी. पायात चांदीचे तोडे, बोटांत जोडवी. सोनं म्हणजे लक्ष्मी, ती कमरेखाली जायची नाही.

एवढं सगळं एकाच वेळी आजीच्या अंगावर कुणी पाहिलं का? आत्या म्हणते, "कधीच नाही. एक आलं की दुसरं गेलेलं असायचं."

पुतळ्यांच्या माळेचं मला फार नवल वाटतं. मूळची पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं. १२८४ पासून तिथं पाडलं गेलेलं, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला संत मार्कपुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती. ते जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागलं आणि बायकांच्या गळ्यात जाऊन बसलं. आजीच्या माळेतल्या पुतळ्या अर्थात सोनारानं ठशावर ठोकलेल्या, पातळ पत्र्याच्या. व्हेनिस कुठं आहे हे ना सोनाराला ठाऊक, ना तिला.

घरात सर्वांत जुनी गोष्ट होती ती पणजीच्या सासूच्या काळची. अमेरिकेत यादवी पेटली, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. भाव इतका चढला की कुणीतरी बैलगाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली म्हणे. मला ही थाप वाटायची. पण अशाच गोष्टी त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही लिहून ठेवल्या आहेत. आमच्याकडं चाकाला नाही, पण पणजीच्या सासूच्या दंडात येळा आल्या त्या तेव्हाच. पुढं युद्ध संपलं, भाव कोसळला. रेल्वे मात्र अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि राहिली. त्या येळांचं पुढं काय झालं, हे सांगायला कुणी उरलं नाही.

पणजीच्या गोठांचं काय झालं ते मात्र नीट ठाऊक आहे. १९३१ ची मंदी. कापसाला कुणी विचारत नव्हतं, सावकार दारात. त्याच सप्टेंबरात इंग्लंडनं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि इथं सोन्याचा भाव वर गेला. खेड्यापाड्यांतलं सोनं बाहेर पडलं, मुंबईला गेलं, तिथून बोटीनं लंडनला. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याला अडचणीतलं सोनं म्हणतात. पणजीच्या तोंडी एवढंच होतं, की पणजोबा रात्री चुलीपाशी येऊन बसले, काही बोलले नाहीत, आणि तिनं गोठ काढून दिले. "मागतले असते तं नाही म्हणता आलं असतं," असं ती पुढं म्हणायची. स्त्रीधन हा शब्द मी कायद्याच्या पुस्तकात वाचला तेव्हा मला पहिल्यांदा ती चूल आठवली.

दोनच वर्षांनी गांधीजी आले. १९३३ च्या नोव्हेंबरात वर्ध्याहून त्यांचा हरिजन दौरा निघाला, तो अमरावती-अकोल्यावरूनही गेला. सभेत ते बायकांकडं दागिने मागत आणि तिथंच लिलाव करत. पणजी सभेला गेली, मागं बसली आणि पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून परत आली. "त्याईले काय देऊ? होतं नव्हतं ते सावकारानं नेलं." हाच दौरा पुढं मलबारात गेला. १४ जानेवारी १९३४ रोजी वडकरा इथं कौमुदी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीनं बांगड्या, गळ्यातलं, कानातलं, सगळं काढून दिलं आणि पुन्हा दागिना घालणार नाही असं सांगितलं. गांधीजींनी तिच्यावर 'हरिजन'मध्ये लेख लिहिला. पुढं ती हिंदीची शिक्षिका झाली. कौमुदीचं मोठेपण मी मानतेच. पण आपलं म्हणून काढून देता येणं हीसुद्धा एक श्रीमंतीच, असं मला पणजीकडं पाहून वाटतं.

आमच्या भागात मंगळसूत्राची एक वेगळीच गोष्ट सांगतात. लोणी टाकळीला १८८१ मध्ये जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गेलेले गुलाबराव महाराज. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत. मधुराभक्तीत कुंकू लावत, लुगडं नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालत. त्यांच्याविषयी बायका फार आदरानं बोलत. एक चुलतआजी तेवढी मिश्कील होती. ती म्हणे, "त्याईचं बरं होतं माय, त्याईच्या नवऱ्यानं कधी गहाणाले मागतलं नाही."

१९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आलं. चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी. गावचा सोनार बैलांच्या घुंगरमाळा दुरुस्त करू लागला. ते असो.

मला सांगायचंय ते सिस्टरचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गावच्या दवाखान्यात केरळची एक ख्रिस्ती नर्स आली आणि आमच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहिली. आत्या तेव्हा मॅट्रिक झालेली, सगळं तिच्याच तोंडून ऐकलेलं. ओणमच्या दिवशी सिस्टर मळकट पांढरी, जरीच्या काठाची साडी नेसून बाहेर आली, तशी आजी चरकली. सणावाराला पांढरं! नवरा तर आहे म्हणते! सिस्टरनं समजावलं, "आजी, आमच्याकडं लग्नातसुद्धा हाच रंग." मग पेटीतून आईचा फोटो काढून दाखवला. अंगात चट्टा म्हणतात ती पांढरी चोळी, कमरेला पांढरं मुंडू, मागं निऱ्यांचा पंखा खोचलेला. कानाच्या वरच्या कडेला मोठं सोन्याचं कडं. आजीनं फोटो डोळ्यांजवळ धरला. "हे पाय, बुगडी हाय. अन् हा कासोटाच की!" गळ्यात नाण्यांची काशुमाला. पुतळ्यांची माळ ओळखायला आजीला कुणी सांगावं लागलं नाही.

सिस्टरच्या स्वतःच्या गळ्यात मिन्नू होता, म्हणजे तिचं मंगळसूत्रच. पिंपळपानाएवढंही नाही, इवलंसं सोन्याचं पान, त्यावर ठिपक्यांचा क्रूस. लग्नात नवऱ्याकडून आलेल्या साडीतले धागे काढून ते त्यात ओवतात, हे ऐकून आजीनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. हातातल्या बांगड्यांकडं बोट दाखवून विचारलं, "अन् ह्या कोनं देल्या?"

"मी घेतल्या. पगारातून."

"अन् मायची माळ?"

"ती गहाण ठेवून माझी नर्सिंगची फी भरली. मग मी सोडवली."

आजी त्यावर काही बोलली नाही. जूनमध्ये आत्याला अमरावतीला डी.एड.ला घालायचं ठरलं. कापसाचा चुकारा यायचा होता, आजोबा म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. आजीनं एकदाणी काढली, रुमालात बांधली आणि आत्यालाच सोबत घेऊन सराफाकडं गेली. घरात तोवर दागिना पुरुषच घेऊन जात.

एकदाणी सुटली नाही. व्याज चढत गेलं, मग धाकट्या काकाचं लग्न आलं. आत्या मात्र मास्तरीण झाली आणि पहिल्या दिवशी शाळेत पाचवारी गोल साडी नेसून गेली. घरातली कासोटा सोडणारी ती पहिली. गावात महिनाभर त्या साडीचीच चर्चा. देवळात, पारावर, नदीवर. आजोबांनाही तेच टोचलं. आजीच्या गळ्यात आता नुसती काळी पोत उरलीय, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.